लॉर्ड सॅलिसबरीची गुणवत्ता

गुणवत्तेचा विषय निघाला की आपल्याकडचे विद्वान हमखास इंग्लंडचा दाखला देतात. तिथे म्हणे जात नाही, लायक माणूस आपोआप वर जातो. अशा विद्वानांना आम्ही एवढेच विचारतो : लॉर्ड सॅलिसबरीचे चरित्र कधी वाचले आहे का?

१८८५ ते १९०२ या काळात तीन वेळा आणि मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान राहिलेला हा रॉबर्ट सेसिल. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारापासून सत्तेजवळ असलेल्या घराण्यातला. ऑक्सफर्डला त्याची प्रकृती ढासळली आणि शिक्षण नीट पुरे झाले नाही. तेव्हा विद्यापीठाने त्याला गणितात चौथ्या श्रेणीची मानद पदवी दिली, तीही उमरावपुत्रांसाठी असलेल्या खास सवलतीतून. सवलत! हाच शब्द आमच्या मुलांच्या तोंडावर शिवीसारखा फेकला जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

१८५३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो स्टॅमफर्डमधून बिनविरोध खासदार झाला. तो मतदारसंघ त्याच्याच एका नातलग उमरावाच्या मुठीत होता. पुढची पंधरा वर्षे त्याला तिथे एकदाही लढत द्यावी लागली नाही. १८६८ मध्ये वडील वारले आणि उमराव सभेतली जागा वारशाने मिळाली.

त्याआधी, १८६६ मध्ये, तो हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री झाला होता. ओरिसात दुष्काळ पडला होता. अधिकाऱ्यांच्या भरवशावर राहून त्याने दोन महिने काहीच केले नाही. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली. त्याने पुढे या चुकीची कबुली दिली, हेही नोंदवले पाहिजे. पण दुष्काळापायी त्याचे मंत्रिपद गेले नाही. ते त्याने १८६७ मध्ये स्वतः सोडले, कारण त्याच्याच पक्षाचे सरकार शहरी कामगारांना मताचा हक्क द्यायला निघाले होते! १८७४ मध्ये तेच खाते त्याला पुन्हा मिळाले.

कुणी म्हणेल, माणूस बुद्धिमान होता. होताच. परराष्ट्र धोरणात त्याच्या तोडीचे फार थोडे होते, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तेवढीच बुद्धी असलेला खाणकामगाराचा मुलगा तेव्हा त्या खुर्चीच्या आसपास तरी पोहोचला असता का? १९०० च्या मंत्रिमंडळाकडे पाहा. एक पुतण्या वाटला तर तसे नाही, दोन्ही भाचेच : आर्थर बाल्फर कॉमन्स सभागृहाचा नेता, जेराल्ड बाल्फर व्यापार खात्यावर. नौदल जावयाकडे. थोरला मुलगा परराष्ट्र खात्यात उपमंत्री. टीकाकारांनी सरकारचे नाव ठेवले ‘हॉटेल सेसिल’. लंडनमध्ये त्या नावाचे भव्य हॉटेल तेव्हा नुकतेच उघडले होते.

याच सॅलिसबरीने १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत दादाभाई नौरोजींचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला. इंग्रज मतदारसंघ अशा माणसाला निवडून देईल, असे त्याला वाटत नव्हते. दादाभाई त्याच्याहून गोरे होते, ही थट्टा तेव्हाच झाली. पण मुद्दा कातडीच्या छटेचा नव्हताच. दादाभाई १८८६ मध्ये होबर्नला हरले होते. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहिले आणि पाच मतांनी निवडून आले. त्या पाच मतांमागे वर्षांची पायपीट होती, कुणा मामाची चिठ्ठी नव्हती.

मामाची खुर्ची भाच्याला मिळाली ती १९०२ मध्ये. सॅलिसबरी पायउतार झाला आणि आर्थर बाल्फर पंतप्रधान झाला. १९०६ च्या निवडणुकीत मँचेस्टर ईस्टच्या मतदारांनी या माजी पंतप्रधानाला घरी बसवले. लंडन शहरातल्या पक्षाच्या खासदाराने लगेच आपली जागा रिकामी केली. पुढच्याच महिन्यात बाल्फर पुन्हा सभागृहात होता.