तुंबा, बेअरिंग आणि माझं फसलेलं गृहीतक

गेल्या उन्हाळ्यात नरसी नामदेवला मामाच्या अंगणात ट्रकचं पुढचं डावं चाक उतरवलेलं होतं. हळदीची पोती टाकून परत येताना घरघर सुरू झाली, वळणावर आवाज वाढायचा आणि हबला हात लावला की चटका बसायचा. मामा म्हणाले, "बेरिंग गेलं बघ." गॅरेजला न्यायचा विचारच नव्हता. मागच्या चाकांना दगड, पुढच्या एक्सलखाली जॅक आणि लाकडी ठोकळे, आणि काम सुरू.

मी खरं तर माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी गेले होते. विषय होता हिंगोली भागातली मालवाहतूक, बैलगाडी ते ट्रक. प्रपोजलमध्ये मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं: "मोटार आल्यामुळे सुतार-लोहारांचं दुरुस्तीचं ज्ञान लोप पावलं." कमिटीने काही विचारलं नाही. गाइडनी मात्र पेन्सिलने समासात लिहिलं, "कशावरून?"

तर कशावरून? आधी बैलगाडीचं चाक बघू. मध्ये लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठ्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी असते आणि ती आखावर फिरते. म्हणजे लोखंडावर लोखंड घासतं, मध्ये फक्त वंगण. झीज होणारच. नळी झिजली की चाक डुगडुगतं. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की धाव सैल होते, ती पुन्हा तापवून चढवावी लागते. यातली लाकडाची कामं सुताराची, लोखंडाची लोहाराची. बलुतं म्हणून दोघांना सुगीला धान्य मिळायचं. यावर आपण सगळे त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) उद्धृत करतो, मीही केलं होतं. पण आत्रे मुंबई इलाख्यातले महसुली अधिकारी. नरसी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्यांचं वर्णन उचलून मराठवाड्यावर चिकटवणं ही माझी पहिली चूक. तुम्हीही करणार असाल तर आत्ताच थांबा.

आता बेअरिंग. शंकूच्या आकाराचे रोलर वापरणाऱ्या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेनला अमेरिकेत १८९८ मध्ये मिळालं. टिमकेन मूळचा घोडागाड्या बांधणारा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चाकावर वजन वरून येतं आणि वळताना बाजूनेही येतं. तिरके रोलर दोन्ही पेलतात. निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ मध्ये सुरू झाली, टेल्कोने डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले ते १९५४ मध्ये. या तारखा पुस्तकात सहज सापडतात. पण त्या खरेदीच्या आणि उत्पादनाच्या तारखा आहेत. चाक बिघडल्यावर कोण खाली बसलं, हे त्यात नाही. डेव्हिड एजर्टनचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' जरूर वाचा. शोध कधी लागला यापेक्षा वस्तू वापरात कशी राहिली हे विचारा, असं तो सांगतो. दुरुस्तीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

अंगणात परत येते. टोपी काढली, स्प्लिट पिन, नट, वायसर, मग बाहेरचं लहान बेअरिंग, मग अख्खा हब ड्रमसकट ओढून काढला. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, त्यांच्यावर खड्डे. मामांनी आधी ऑइल सील बोटाने चाचपलं. ते फाटलं होतं. पाणी-चिखल आत जाऊन ग्रीस धुऊन निघालं होतं. नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नव्हता, सीलही नवं हवं होतं. हबमध्ये रुतलेली जुनी कड, ज्याला ते कप म्हणतात, पितळी दांड्याने सगळीकडून थोडी थोडी ठोकून काढली. मग हब डिझेलने धुतला आणि नव्या रोलरमध्ये तळहाताने दाबून दाबून ग्रीस भरलं.

शेवटचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर नीट बसतात, आणि मग किंचित मागे घ्यायचा. किती? "तंग केलं तर जळतंय, ढिलं ठेवलं तर खातंय," मामा म्हणाले, आणि चाक वर-खाली धरून हलवायला लावलं. मला काहीच जाणवलं नाही. त्यांना जाणवलं.

इथे मोह होतो. 'बघा, सुताराच्या हातातलं ज्ञान फिटरच्या हातात आलं,' असं लिहून प्रकरण संपवावं! पण मामा सुतार नाहीत, आमच्या घरात कुणीच नव्हतं. ते क्लिनर म्हणून ट्रकवर चढले, मग ड्रायव्हर झाले, मग जुना ट्रक घेतला. शिकले ते हायवेवर, उस्तादाच्या शिव्या खात. म्हणजे ज्ञान लोप पावलं हेही चूक आणि वारशाने आलं हेही चूक. ते दुसऱ्याच वाटेने, जातीच्या बाहेरून आलं. सुताराच्या घरातला मुलगा त्या वेळी कुठे गेला, हा आता माझा खरा प्रश्न आहे.

बदललं ते आणखी एक. सुतार नवा तुंबा बाभळीतून करायचा. बेअरिंग गावात घडत नाही. त्याच्यावर नंबर असतो आणि तो नंबर घेऊन दुकानात जावं लागतं. समजा ३२३१० असेल, तर सुरुवातीचा ३ म्हणजे शंकू-रोलर आणि शेवटच्या १० ला पाचाने गुणलं की आतलं भोक ५० मिलिमीटर. धान्याच्या जागी रोख किंवा उधारी आली. आणि उधारी आली की वही येते.

कागद शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. त्याआधीचं सगळं परभणीच्या नावाखाली बघा. निजामकाळासाठी हैदराबादच्या अभिलेखागारात जावं लागेल, आणि तिथे उर्दू येत नसेल तर अडाल. मी अडले आहे, शिकते आहे.

जुना कप मी मागून घेतला. मामांनी आधी त्याचा उपयोग केला: नवा कप आत बसवताना त्यावर जुना ठेवून ठोकला, म्हणजे घाव नव्याला लागत नाही. मग पुसून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन हिंगोलीत स्पेअर पार्टच्या एका जुन्या दुकानात गेले आणि वडिलांच्या वेळच्या उधारीच्या वह्या आहेत का, विचारलं. मालक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माळ्यावर असतील. दिवाळीच्या साफसफाईला या."