चिमटा एकाचा, ब्रेक दुसऱ्याचा : जुन्या मोटारसायकलींचा अलिखित इतिहास

#थ्रेड

१/
जुन्या जावाला येझदीचा पुढचा चिमटा दिसला, किंवा ३५० सीसी बुलेटच्या पुढच्या चाकात ५०० ची ड्रम प्लेट आढळली, की संग्राहक नाक मुरडतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नेमके तिथेच थांबावे. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत का बसतो आणि तो बसवण्याची वेळ का येते, या दोन प्रश्नांत परवाना राज, युरोपातील बंद पडलेले कारखाने आणि मराठवाड्यातील गॅरेज एकत्र येतात.

२/
आधी भूगोल. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा आजचा धाराशिव जिल्हा ‘उस्मानाबाद’ या नावाने ओळखला जाई आणि आजच्या लातूरचा मुलूखही त्यातच होता. लातूर १९८२ मध्ये वेगळा झाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट बार्शी, येडशीमार्गे लातूरला जाई. जिल्ह्याचे मुख्य शहर तिच्यावर नव्हते. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा या गावांची भिस्त रस्त्यावर होती. अशा मुलखात मोटारसायकल ही चैन नसून दळणवळणाचे साधन ठरते आणि ती बंद पडून चालत नाही.

३/
आता धोरण. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर कोणी काय आणि किती बनवायचे, हे परवान्यावर ठरू लागले. आयातीवर कडक नियंत्रण होते. परिणामी पुढची काही दशके भारतीय रस्त्यांवर मोटारसायकलींची मोजकीच घराणी राहिली. त्यांपैकी तिघांचे मूळ युरोपात होते : बुलेट इंग्लंडची, जावा चेकोस्लोव्हाकियाची, राजदूत पोलंडची.

४/
बुलेट : १९५५ मध्ये मद्रासला ‘एन्फील्ड इंडिया’ची स्थापना झाली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे साचे व यंत्रसामग्रीही आली आणि काही वर्षांतच गाडी पूर्णतः देशी झाली. गंमत पुढेच आहे. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासमध्ये पन्नाशीच्या दशकातील आराखडा जवळजवळ तसाच चालू राहिला. १९७७ पासून ही गाडी इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. जुन्या इंग्रजी बुलेटच्या मालकांना सुट्या भागांसाठी मद्रासकडे पाहावे लागले. वसाहतीने मायदेशाला भाग पुरवावेत, असा हा उलटा प्रवाह.

५/
जावा : मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला ‘आयडियल जावा’ उभी केली आणि १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. १९७० च्या दशकात टाकीवरचे नाव बदलून ‘येझदी’ झाले. नाव बदलले, तरी २५० सीसी दोन-स्ट्रोक इंजिनाचे कूळ तेच राहिले. म्हणूनच जावा आणि सुरुवातीच्या येझदी यांच्यात भागांची देवघेव सहज घडली. मात्र १९७८ च्या रोडकिंगला १८ इंची चाके होती, तर जावाला १६ इंची. एकाच घराण्यातही सगळेच सगळ्याला बसत नाही.

६/
राजदूत : एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसी राजदूत पोलंडच्या ‘एसएचएल एम ११’ वर बेतलेली होती. तिचा मूळचा पुढचा चिमटा दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा नव्हता. पुढे झुकलेल्या झुलत्या भुजांचा होता. त्यामुळे बुलेट किंवा जावाचा चिमटा तिला लावणे म्हणजे अदलाबदल नव्हे, ती शस्त्रक्रियाच.

७/
मग ‘बसतो’ म्हणजे नेमके काय? मिस्त्री चार गोष्टी पाहतो. पहिली, मानेतून जाणाऱ्या दांड्याची लांबी आणि त्यावरचा कोन सेट. दुसरी, शॉकअपच्या नळ्यांची जाडी आणि दोन नळ्यांमधील अंतर. ते जुळले नाही तर दोन्ही ‘टी’ बदलावे लागतात. तिसरी, अ‍ॅक्सलची जाडी. येथे लेथवर कातलेला बुश कामी येतो. चौथी, चिमट्याची एकूण लांबी. चिमटा आखूड झाला की गाडीचे नाक खाली येते, मानेचा कल बदलतो आणि हँडल चंचल होते. वेगात जाताना हे जाणवते.

८/
ब्रेकचे गणित याहून नाजूक. साध्या ड्रम ब्रेकमध्ये एकच कॅम असतो. त्यातील एक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप ड्रमकडे ओढला जातो आणि बहुतेक काम तोच करतो. दुसरा शू नावापुरता राबतो. दोन कॅम असलेल्या प्लेटमध्ये दोन्ही शू असे ओढले जातात, म्हणून ब्रेक बराच जोरकस लागतो. ५०० सीसी बुलेटला अशी ७ इंची प्लेट आली आणि ६ इंची ड्रमच्या ३५० बुलेटच्या मालकांनी ती मिळवून बसवायला सुरुवात केली.

९/
पण येथेच दोन सापळे आहेत. पहिला : ब्रेक प्लेटची खाच चिमट्यावरच्या खुंटीत अडकली पाहिजे किंवा टॉर्क आर्मने ती बांधली पाहिजे. तसे नसेल, तर ब्रेक दाबताच प्लेटच चाकाबरोबर फिरू पाहते. दुसरा : दोन कॅमची प्लेट दुसऱ्या चिमट्यात उलट बाजूला बसवली, तर चाक तिच्या दृष्टीने उलटे फिरते. दोन्ही शू मग ओढले जाण्याऐवजी ढकलले जातात आणि उत्तम ब्रेक निकामी होतो. दिसायला सारे ठीक असते; चूक पहिल्या उतारावर कळते.

१०/
अशी अदलाबदल केवळ गल्लीतल्या गॅरेजमध्येच होई, असे मानू नये. यामाहाच्या ‘आरडी ३५०’ ला जपानमध्ये पुढे डिस्क ब्रेक होता. १९८३ मध्ये ती ‘राजदूत ३५०’ म्हणून भारतात आली, तेव्हा डिस्कच्या जागी ड्रम होता. खर्च आणि बाजारपेठ पाहून कंपनीनेच ब्रेक बदलला. आज एखाद्या हौशी मालकाने त्या गाडीला डिस्क लावली, तर तो मूळ रूप बिघडवतो, की मूळाकडे परत जातो?

११/
१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्यानंतर येझदीचा ‘नवा अस्सल भाग’ हा शिल्लक साठ्यापुरताच उरला. पुण्याचा जुना बाजार, मुंबईतील कुर्ल्याचे भंगार आणि मोडीत निघालेली दुसरी गाडी, हीच मग सुट्या भागांची भांडारे झाली. कोणता भाग कशात बसतो, याची कोष्टके कंपनीच्या पुस्तिकेत नव्हती. ती मिस्त्रींच्या हातात होती आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी जात राहिली.

१२/
हा प्रश्न आता कायद्यापर्यंत आला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट. या यादीत चिमटा आणि ब्रेक यांचा नावानिशी उल्लेख नाही. तरीही ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांमुळे अनेक मालक जुने जोडकाम काढून कारखान्यातून निघाल्यासारखी गाडी उभी करू पाहतात.

१३/
त्यात काहीतरी हरवते. जुन्या वाड्याची नंतर बांधलेली भिंत पाडण्यापूर्वी अभ्यासक तिची नोंद करतो. १९६५ च्या जावाला नंतरच्या येझदीचा चिमटा असेल, तर तो त्या वाड्याच्या भिंतीसारखाच पुरावा आहे : भाग मिळत नव्हता, गाडी चालणे भाग होते आणि कोणीतरी मोजमाप घेऊन ती चालती केली.

१४/
म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी असेल, त्यांनी ती पूर्ववत करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. बदललेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे. काढलेला भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. आणि तो बसवणारे मिस्त्री हयात असतील, तर त्यांच्याकडून तो कधी, कुठून आणि का आणला, हे लिहून घ्यावे. लोखंड टिकेल, ही माहिती मात्र त्या पिढीबरोबर जाईल.

#इतिहास #धाराशिव #मराठवाडा