यकृतातील गाठ : रक्ताची गुठळी की कर्करोग?

पोटात पाणी साठणे, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि सोनोग्राफीत यकृतावर गाठी दिसणे, एवढ्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाल्यासही असेच चित्र दिसते. या विकाराला बड-कियारी सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये व हान्स कियारी यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने पश्चिम भारतातील अशा रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. फॅक्टर पाच लायडन हा आनुवंशिक दोष त्यात ठळकपणे आढळला.

पहिली तपासणी डॉपलर सोनोग्राफीची. शिरेतील प्रवाह थांबला आहे की उलट वाहतो आहे, हे त्यातून कळते. त्यानंतर रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन किंवा एमआरआय केले जाते. साधी गुठळी रंगद्रव्य घेत नाही. कर्करोग शिरेत शिरला असल्यास मात्र ती शीर फुगते आणि आतील भाग धमनीच्या रक्ताने उजळतो.

खरी फसगत पुढे आहे. शिरा बंद पडल्यावर यकृताचा कॉडेट हा भाग वाढतो, कारण त्याचे रक्त थेट महाशिरेत जाते. ही वाढ गाठीसारखी भासते. शिवाय यकृतात निरुपद्रवी गाठीही तयार होतात आणि कर्करोगाप्रमाणेच उजळतात. म्हणूनच सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत केवळ स्कॅनवरून कर्करोग ठरवण्याचे निकष येथे लागू करीत नाहीत. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनची पातळी वाढलेली असल्यास संशय बळावतो. शंका उरल्यास गाठीचा तुकडा काढून तपासणे इष्ट.

निदान चुकल्यास उपचारांची दिशाच बदलते. गुठळीवर रक्त पातळ ठेवणारी औषधे, शिरेत स्टेंट बसवणे, टिप्स प्रक्रिया व गरज पडल्यास यकृत प्रत्यारोपण हे मार्ग आहेत. मोठ्या शिरेत शिरलेल्या कर्करोगात प्रत्यारोपण बहुधा करता येत नाही. दिल्लीतील आर. के. पुरमच्या रहिवाशांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि वसंत कुंजमधील यकृत व पित्त विज्ञान संस्था ही दोन्ही केंद्रे फार दूर नाहीत. बड-कियारीच्या रुग्णास कालांतराने कर्करोगही होऊ शकतो; त्यामुळे आज निरुपद्रवी ठरलेल्या गाठींचीही सोनोग्राफी व रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते.