गॅसबत्तीचे भागधारक

आमच्या भंडाऱ्यात गॅस कंपनी कधी आली नाही, पण ‘गॅसबत्ती’ हा शब्द मात्र घरोघरी आला. लग्नाची वरात असो की संदलचा जुलूस, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन रांगेने चालणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. पुढे जनरेटर आले आणि ती माणसे दिसेनाशी झाली. एकदा सातवीच्या वर्गात ब्रिटिश राजवटीतील सुधारणांचा धडा चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, मिट्टी के तेल की बत्ती को गॅसबत्ती क्यूँ बोलते हैं?” प्रश्न बरोबर होता. त्या बत्तीच्या टाकीत रॉकेल असते, पंप मारून दाब आणायचा, रॉकेलची वाफ होते आणि ती वर जाळीच्या मेंटलमध्ये जळते. मी त्याला “कल बताऊँगा” म्हणून वेळ मारून नेली. तो ‘कल’ काही महिने लांबला, आणि बत्तीचा शोध घेता घेता मी एका कंपनीच्या भांडवलापर्यंत जाऊन पोहोचलो.

ती कंपनी म्हणजे बॉम्बे गॅस कंपनी. स्थापना १८६२ सालची, नोंदणी लंडनची. हिंदुस्थानात तिच्या आधी कलकत्त्याला ओरिएंटल गॅस कंपनी आली होती. तीही विलायतेत १८५३ मध्ये निघालेली, आणि तिचे दिवे कलकत्त्याच्या रस्त्यावर लागले ते १८५७ मध्ये, म्हणजे नेमके बंडाच्या साली. मुंबईत गॅसचा दिवा मात्र त्याहून जुना. माझगावच्या अर्देशिर कर्सेटजी वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातील तरुणाने १८३४ च्या सुमारास आपल्या बंगल्यात आणि बागेत स्वतःच्या खर्चाने गॅसचे दिवे लावले. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते पाहायला गेले. हाच अर्देशिर पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला, तो मान मिळवणारा पहिला हिंदी माणूस. पण एका हौशी माणसाने आपले घर उजळणे वेगळे आणि शहर उजळणे वेगळे. शहराला कारखाना लागतो, मैलोगणती नळ लागतात, आणि त्यासाठी लागतो पैसा, तोही असा की जो पाच-सात वर्षे परत मागायचा नाही.

हा गॅस आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा नव्हे. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा न लागू देता तापवायचा. कोळसा जळत नाही, त्यातून वायू सुटतो. तो थंड केला की डांबर खाली बसते, पाण्याने धुतला की अमोनिया निघून जातो, चुन्यावरून नेला की गंधकाची घाण जाते. मग तो पाण्याच्या हौदात उलट्या ठेवलेल्या प्रचंड लोखंडी टोपाखाली साठवायचा. टोप आपल्या वजनाने गॅसला दाबतो आणि गॅस रस्त्याखालच्या नळांतून दिव्यापर्यंत जातो. भट्टीत उरलेला कोक विकता येतो, डांबरही विकता येते. म्हणजे हा धंदा चार बाजूंनी पैसा देतो, परंतु पहिला दिवा लागेपर्यंत एका बाजूनेही देत नाही. सगळी रक्कम आधी जमिनीत पुरावी लागते. त्यात मुंबईचा कोळसाही तेव्हा विलायतेहून जहाजाने येई. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, तोपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून.

आता ज्या काळात हे नळ पुरले जात होते तो काळ पाहा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या बंदराकडे वळल्या. आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा हिशेब पुढे मांडला गेला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढता येऊ लागल्या होत्या. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाच्या भागाइतकेच पैसे जाणार, घरदार जाणार नाही. १८६० मध्ये ही सवलत बँकांनाही मिळाली. मग काय विचारता! बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, कागद विकत घेण्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या दारात भाग मागणाऱ्यांची रीघ लागे. शेटजी, वकील, कारकून, सगळेच त्यात. पुष्कळ सौदे तर वायद्याचे, हातात माल नाही, पैसा नाही, फक्त अमुक तारखेला भाव काय असेल याची पैज.

आपल्या समाजात गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला शब्द येतो ‘सूद’. मी आलिम नाही, मास्तर आहे. परंतु सातवीच्या मुलालाही समजेल असा फरक इथे आहे. कंपनीचा भाग घेणारा व्याज मागत नाही. तो नफ्यातोट्याचा शरीक असतो. मुदारबत आणि मुशारकत या जुन्या फिकही कल्पनांशी त्याचे नाते लावता येते. उलट जे आपल्याजवळ नाही ते विकणे, ज्याचा अंत ठाऊक नाही असा सौदा करणे, याला ‘गरर’ म्हणतात आणि ते मना आहे. १८६४ च्या मुंबईत या दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत चालत आणि दोघांनाही ‘शेअरचा धंदा’ असेच म्हणत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले. बातमी मुंबईला पोहोचली आणि कापूस कोसळला. वायद्यांच्या हिशेबाचा दिवस ठरला होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणे कोणाजवळच नव्हते. पेढ्या बुडाल्या, घराणी बुडाली. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी भांडवल असलेली बँकही सावरू शकली नाही आणि १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

आणि या बुडालेल्या शहरात, त्यानंतर तीन महिन्यांनी, ७ ऑक्टोबर १८६५ च्या संध्याकाळी गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट आणि आपला भेंडीबाजार हे पहिले रस्ते. दिवे लावणारा एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाई, आणि लोकांचा घोळका तोंडातून शब्द न काढता त्याच्या मागून चाले, असे वर्णन आहे. त्या घोळक्यात जुलैमध्ये सर्वस्व गमावलेले किती असतील? मला तरी तो प्रसंग वाचताना दिव्यापेक्षा त्या गप्प चेहऱ्यांचाच विचार येतो. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापले गेले. दोन वर्षे थांबले असते तर या रात्रीविषयी मराठीत आपल्याला बरेच वाचायला मिळाले असते.

गॅस कंपनी का टिकली? तिने नळ पुरले होते. नगरपालिकेचे दिवे हे तिचे कायमचे गिऱ्हाईक होते, आणि तिच्या समोर दुसरा कोणी रस्ता खणून नवे नळ घालणे शक्य नव्हते. अर्थात लंडनच्या कंपनीचा नफा लंडनला जाई. भेंडीबाजारात दिवा जळे आणि त्याचा लाभांश पौंडात मोजला जाई, हेही नोंदवले पाहिजे.

इथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी पहिली-दुसरीत असताना, १९९० नंतरच्या त्या वर्षांत, सागवानाची झाडे लावणाऱ्या कंपन्यांचे एजंट गावोगाव फिरत. अशाच एका कंपनीत अब्बांनी १०,००० रुपये भरले. एजंट आमच्याच मोहल्ल्यातला, मगरिबनंतर घरी येऊन बसायचा. “व्याज नाही, झाड आहे,” असे तो सांगायचा आणि अब्बांना नेमके तेच पटले. वीस वर्षांनी झाड मिळणार होते. कंपनीचे कार्यालय तिसऱ्या वर्षीच बंद झाले. अम्मी कधी रागावली नाही, पण दर उन्हाळ्यात सागाची पाने गळाली की एकदा तरी अब्बांकडे पाहायची. अब्बांची चूक व्याजाच्या बाबतीत नव्हती. जमीन कुठे आहे, झाडे कोणी मोजली, हे त्यांनी विचारले नाही.

नागपूरला याच्या उलट घडले. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढून जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन गिरणीसाठी घेतली आणि तिच्यात भर घालू लागले. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे पैसे मागितले तेव्हा तो म्हणाला, हा माणूस सोने मातीत घालतो आहे, मी देत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि काही वर्षांनी त्याच सावकाराने कबूल केले की त्याने माती घातली आणि सोने काढले. ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली.

मग नागपुरात, भंडाऱ्यात गॅसचा कारखाना का नाही? रेल्वे तर १८६७ मध्ये नागपूरला आली होती, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. पण वर्धा खोऱ्यातील कोळसा चिकटून कोक होणारा नाही, आणि गॅससाठी तसाच कोळसा लागतो. शिवाय नळाचा खर्च निघायला दाट वस्ती आणि श्रीमंत दुकाने हवीत. पितळी भांड्यांच्या आमच्या लहान शहराला ते परवडणारे नव्हते.

गॅसच्या भागधारकांना पुढे वेगळीच भीती होती, विजेची. १८८२ मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण ते लावणारी कंपनी वर्षभरात दिवाळखोरीत गेली आणि मार्केट पुन्हा गॅसवर आले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या वेल्सबाख याने मेंटलचे पेटंट घेतले. थोरियम, सेरियमच्या क्षारात भिजवलेली जाळी गॅसच्या ज्योतीवर धरली की पांढराशुभ्र उजेड पडतो. या जाळीने गॅसला आणखी काही दशके दिली. आणि जिथे गॅस नव्हता तिथे तीच जाळी रॉकेलच्या वाफेवर बसवली. आमची गॅसबत्ती ती हीच. नळ मुंबईत राहिले, जाळी भंडाऱ्यापर्यंत आली आणि नावही सोबत घेऊन आली.

१९०५ नंतर मुंबईत वीज पक्की रुजली, तरी गॅस कंपनी उठली नाही. तिचे नाव पुन्हा सापडते ते १९६३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. नळांत साचणारे पाणी सायफनच्या पंपाने काढणारे तिचे कामगार साप्ताहिक सुट्टीच्या दिवसाची थकलेली मजुरी मागत होते. मागायला उशीर झाला, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की या कलमाखाली मजुरी मागायला मुदत नाही, आणि निकाल कामगारांच्या बाजूने गेला. कामगार कायदा शिकणारे तो निकाल अजून वाचतात.

त्या मुलाला मी शेवटी उत्तर दिले. तोवर तो आठवीत गेला होता. मेंटल दाखवायला मी अब्बांच्या लोखंडी पेटीतून जुनी बत्ती काढली, तेव्हा तिच्या खाली सागाच्या झाडाचे चित्र असलेला कंपनीचा कागद घडी करून ठेवलेला होता.