सिझेरियननंतर वेदनाशामके कशी घ्यावीत?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात बाळंतपणासाठी माहेरी येण्याची रीत अद्याप टिकून आहे. मुंबईत संसार असलेली मुलगीही सातव्या-आठव्या महिन्यात कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरते आणि पुढचे काही महिने आईच्या देखरेखीखाली काढते. बदलले आहे ते बाळंतपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०.१ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे चारांतील एक बाळंतीण पोटावर टाके घेऊन घरी येते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना बाळंतिणीची शुश्रूषा तोंडपाठ असते. मात्र पोट उघडून शिवलेल्या स्त्रीच्या वेदनेचे काय करावे, हे त्या परंपरेत कोठून असणार? मग ‘बाळंतपण म्हटले की दुखायचेच’ असे म्हणून आणि ‘गोळी दुधातून बाळाला बाधेल’ या भीतीने औषधाची पाकिटे तशीच पडून राहतात.

सिझेरियनमध्ये त्वचा, चरबीचा थर, स्नायूंवरील चिवट आवरण आणि गर्भाशय इतके सारे कापून पुन्हा शिवले जाते. त्या जखमेच्या दुखण्यात गर्भाशय आकुंचन पावतानाच्या कळांची भर पडते. बाळ दूध ओढू लागले की या कळा वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या अधिक तीव्र असतात. शिवाय पोटात धरलेला वायू असतोच. अशी वेदना दाबून ठेवणाऱ्या स्त्रीला कुशीवर वळता येत नाही, खोकता येत नाही, बाळाला नीट छातीशी धरता येत नाही. ती अंथरुणातून उठत नाही आणि न उठल्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. म्हणूनच पहिल्या २४ तासांत बाळंतिणीला आधार देऊन चालवणे हा उपचाराचा भाग आहे आणि वेदना आटोक्यात असेल तरच ते साधते.

बहुतेक सिझेरियन कमरेतून इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलीखाली होतात. ही भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते. पायांत जाणीव परतू लागली की दुखणेही मागोमाग येते. त्यापूर्वीच पहिले वेदनाशामक दिलेले असणे उत्तम. काही रुग्णालयांत भुलीच्या औषधातच मॉर्फिनचा अत्यल्प अंश मिसळतात. त्याचा परिणाम १२ ते २४ तास टिकतो. अंगाला खाज सुटणे हा त्याचा नेहमीचा त्रास. श्वास मंदावण्याचा धोका कमी असला तरी असतोच, त्यामुळे रात्रभर लक्ष ठेवण्याची सोय असेल तेथेच हा उपाय योग्य ठरतो.

पुढच्या दिवसांचा खरा आधार दोन साध्या औषधांचा असतो : पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. दोन्ही गट वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, त्यामुळे एकत्र दिल्यास एकेकट्यापेक्षा अधिक आराम मिळतो आणि गुंगीच्या औषधांची गरज कमी होते. सुरुवातीचे तीन-चार दिवस ही औषधे घड्याळाप्रमाणे घ्यावीत. दुखणे असह्य झाल्यावर गोळी शोधणारीला पुढचा तासभर कण्हत काढावा लागतो आणि मग एका गोळीने भागतही नाही. पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आठ-आठ तासांनी, असा क्रम सामान्यतः सांगितला जातो. दुसऱ्या गटातील गोळी अनशापोटी घेऊ नये. सकाळची पेज झाल्यावर घेतलेली बरी. आठवडाभरात बहुतेकींचे दुखणे ओसरते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करत न्यावी.

दुधाची भीती या औषधांच्या बाबतीत अनाठायी आहे. पॅरासिटामॉल ताप आलेल्या तान्ह्या बाळांनाही डॉक्टर देतात; दुधातून जाणारा अंश त्याहून पुष्कळच कमी असतो. आईच्या वजनाच्या हिशेबाने पाहिले तर आयबुप्रोफेनचा एक टक्काही बाळापर्यंत पोहोचत नाही. खरी सावधगिरी हवी ती कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांच्याविषयी. काही स्त्रियांच्या शरीरात या औषधांचे प्रखर द्रव्यात रूपांतर फार वेगाने होते आणि ते दुधात उतरून बाळ सुस्तावू शकते, त्याचा श्वास मंद होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांनी ही दोन्ही औषधे घेऊ नयेत असा इशारा दिला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी सर्रास लिहून दिली जाते, तेव्हा तिला पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही. ती द्यावीच लागली तर कमीत कमी दिवस घ्यावी आणि बाळ दूध ओढेनासे झाले, गळून गेल्यासारखे वाटले तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. अ‍ॅस्पिरिन आणि निमेसुलाइड ही दुखण्यासाठी टाळावीत.

एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षिली जाते. पॅरासिटामॉल अनेक नावांच्या गोळ्यांत दडलेले असते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम, डोलो-६५० मध्ये नावाप्रमाणे ६५०. पहिली दिवसात तीनदा आणि दुसरी चारदा घेतली तर एकूण ३,५७५ मिलिग्रॅम होतात. निरोगी, धडधाकट स्त्रीला दिवसाची मर्यादा ४,००० मिलिग्रॅम असली तरी ५० किलोंखालील स्त्रीसाठी एका वेळेस किलोमागे १५ मिलिग्रॅम असा हिशेब धरतात. ४५ किलो वजनाच्या बाळंतिणीसाठी तो दिवसाकाठी २,७०० मिलिग्रॅमच भरतो. अतिरेक झाल्यास यकृताला इजा होते. म्हणून प्रत्येक पाकिटामागची घटकद्रव्ये वाचावीत आणि कोणती गोळी केव्हा घेतली, ते कागदावर लिहून ठेवावे.

आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक सर्वांनाच चालत नाहीत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, या गोळ्यांनी बळावणारा दमा किंवा प्रसूतीत फार रक्तस्राव झालेला असल्यास ते आधीच सांगावे. सिंधुदुर्गात आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात येथे लेप्टोस्पायरोसिस व डेंग्यूचे रुग्ण आढळतात, तर २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी भागात हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाचाही प्रादुर्भाव झालेला आहे. लेप्टोमध्ये मूत्रपिंडाला धोका असतो, तर डेंग्यू व माकडतापात रक्तस्रावाचा. अशा वेळी या गोळ्या त्रास वाढवतात. त्यातच पॅरासिटामॉल ताप झाकून टाकते. त्यामुळे अंग कणकणत असल्यास गोळी घेण्यापूर्वी तापमान मोजावे आणि ते १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक भरल्यास या दुसऱ्या गटाची गोळी थांबवून रुग्णालय गाठावे.

शेक-शेगडीविषयीही थोडे सांगायला हवे. टाक्यांभोवतीची त्वचा कित्येक महिने बधिर राहू शकते. तेथे निखाऱ्यांचा किंवा गरम पिशवीचा शेक दिल्यास भाजल्याचे कळतही नाही. कंबरेला सौम्य शेक चालतो, जखमेला नको. जखमेवर तेल किंवा लेपही नको. कमरेतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते, ही समजूत तर सार्वत्रिक आहे. संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. कंबरदुखी असते ती बहुधा गरोदरपणाची आणि वाकून दूध पाजण्याची. मात्र उठून बसताच डोके ठणकणे आणि आडवे होताच थांबणे, हा त्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार जून २०११ पासून शासकीय रुग्णालयांत सिझेरियन, औषधे आणि घरी परतण्याचे वाहन विनामूल्य आहे. ओरोस किंवा कुडाळहून गावी जाताना रिक्षाचे धक्के बसतात. निघण्याच्या साधारण तासभर आधी गोळी घ्यावी, टाक्यांवर उशी दाबून धरावी. दुखणे दिवसेंदिवस कमी होत जाणे अपेक्षित आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते वाढले, जखम लाल झाली वा पू आला, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर गोळ्यांची मात्रा वाढवत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, धाप, अथवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.