बसायची जागा

वय उतरवून ठेवा आणि दहा वर्षांचे व्हा. एवढ्याशा पोराला कुणी अहो-जाहो करत नाही, म्हणून यापुढे 'तू'च म्हणतो.

१९८५ साल. मद्रासचं चेन्नई व्हायला अजून अकरा वर्षं आहेत. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात, आयसीएफमध्ये, बाबा फिटर. क्वार्टर्सच्या या रांगेत मराठी घर तुमचं एकटंच. शुक्रवारची संध्याकाळ, सदरा पाठीला चिकटलाय, तरी तू धावतोयस, कारण शेजारच्या मामींकडे 'ओळियुम् ओलियुम्' लागणार आहे. मुंबईच्या मावसभावाला जसं छायागीत, तसं तुला हे. सिनेमाची गाणी, आठवड्यातून एकदाच.

चपला दाराबाहेर. आत सॉलिडेअरचा सेट, इथेच मद्रासला बनलेला, लाकडी कपाटात बंद. कपाटाची सरकती दारं मामाच उघडतात, देव्हाऱ्याची उघडावीत तशी. खुर्च्यांवर मामा आणि त्यांच्या ऑफिसातली मंडळी. सतरंजीवर घरची मुलं. लादीवर शेजारपाजारची. भांडी घासायला येणाऱ्या अक्काची दोन पोरं उंबऱ्याशी, अर्धी आत, अर्धी बाहेर. कुणी कुणाला 'इथे बस' म्हटलेलं नाही, तरी प्रत्येकाला आपली जागा पक्की ठाऊक आहे. तुझी लादीवर, पण पंख्याखाली.

टीव्हीने मुलांचं काय होतं यावर पुढे परिसंवाद झडतील. डोळे, अभ्यास, मारामाऱ्या, जाहिराती, सगळं निघेल. या लादीचा विषय त्यांत क्वचितच येईल. मला विचारशील तर त्या पेटीने तुझ्या पिढीला पहिला धडा पडद्यावरून दिलाच नाही. तो या खोलीत दिला, आणि उंबऱ्यावरच्या दोघांना सगळ्यांत नीट समजला.

८ वाजून ४० मिनिटांनी दिल्लीच्या हिंदी बातम्या सुरू होतात. मामा उठून बटण फिरवतात. 'पोय् पडि, तंबी.' जा, अभ्यास कर.

थोडा पुढे सरक. २५ जानेवारी १९८७, रविवार, सकाळचे साडेनऊ. रामानंद सागरांचं 'रामायण' आज सुरू होतंय आणि ते हिंदीत आहे. मामींना हिंदी येत नाही. तुला मराठीच्या जोरावर अर्धीमुर्धी कळते. 'एन्न सोल्रार?' काय म्हणतायत ते, मामी विचारतात, आणि हाताला धरून तुला सतरंजीवर ओढून घेतात. झाली बढती! अडेल तिथे तू ठोकून देतोस. पण मामींचं कंबरामायण पाठ आहे; त्या तुलाच दुरुस्त करतात, वर पडद्यावरच्यांनाही. लहान मुलाने टीव्ही कसा पाहावा, असं कुणी विचारलं तर मी या सतरंजीचा पत्ता देईन.

पुढची वर्षं भरभर जाऊ देत. १९९३च्या तमिळ नववर्षाला, १४ एप्रिलला, सन टीव्ही सुरू होतो. मग गच्चीवरून केबल येते आणि मामींच्या दारातली गर्दी आटते. सप्टेंबर २००३मध्ये सेट-टॉप बॉक्सची सक्ती येते. मुंबई-दिल्लीत ती लांबणीवर पडते, चेन्नईत मात्र लागू होते. बॉक्स नसलेल्या घरांतून पैसे मोजून पाहायच्या वाहिन्या एका रात्रीत गायब. कार्टूनसाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात.

आता उतर. २००८, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगतचं कण्णगी नगर. शहरातल्या झोपड्या हटवून माणसं इथे आणून वसवलीत. या वेळी तू सहा वर्षांची मुलगी आहेस. कालप्रवासात एवढं चालतं. एका खोलीच्या घरात अप्पांनी नुकताच खोका फोडलाय. १४ इंची रंगीत टीव्ही, फुकट, सरकारी. ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही नाही त्या प्रत्येक घराला तो देण्याचं वचन करुणानिधींनी २००६च्या निवडणुकीत दिलं होतं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, अण्णादुराईंच्या जयंतीला, वाटप सुरू झालं. राज्यभर दीड कोटीहून जास्त संच जातील. सरकारने दिलेलं कारण घरच्या बायकांचं मनोरंजन आणि सामान्यज्ञान. त्यात मुलं नाहीत, आणि संचासमोर पहिली बसलीस ती तू. टीव्ही फुकट, केबलचे पैसे मात्र दरमहा, आणि शहरातली बडी केबल कंपनी मुख्यमंत्री करुणानिधींच्या भाच्याच्या मुलांची. विरोधकांनी यावर बोट ठेवलं नसतं तरच नवल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईल. जुलै २०१३मध्ये न्यायालय म्हणेल, असं वचन देणं हा कायद्याने निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरत नाही.

तुला या कशाशी देणंघेणं नाही. गेल्याच वर्षी सुरू झालेल्या, मुलांच्या चुट्टी टीव्हीवर कार्टूनमधली डोरा तमिळ बोलतेय. प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबते. तू ओरडून उत्तर देतेस. ती 'शाबास' म्हणते. मधेच उठतेस, परत येतेस, जमिनीवर आडवी होतेस. जागा कुणी ठरवलेली नाही. फुकट्या टीव्हीची मध्यमवर्गाने भरपूर चेष्टा केली. उंबऱ्यावर अर्धं बाहेर बसून ज्याने कधी गाणी पाहिली नाहीत, त्याला चेष्टा सोपी जाते. पण हेही खरं की तू एकटी आहेस. अम्मा कामावर, अप्पा कामावर, आणि दुरुस्त करायला मामी नाहीत.

शेवटचा टप्पा, जुलै २०२०. शाळा मार्चपासून बंद. तू अठराची, धाकटा तंबी सातवीत. तोच १४ इंची संच, रंग उडालेला, आणि त्यावर कल्वी टीव्ही, राज्याच्या शिक्षण खात्याची वाहिनी, गेल्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली. पोरांना बिघडवतो म्हणून ज्याचं बटण बंद करायचे, त्याच्यासमोर आज तंबीला वही घेऊन बसवलंय. पाट्टीची, म्हणजे आजीची, मालिकेची वेळ हुकलीये, ती कुरकुरतेय.

बाई अपूर्णांकांचा भागाकार शिकवतायत. छान शिकवतात. प्रश्न विचारतात, डोरासारख्याच क्षणभर थांबतात आणि उत्तर फळ्यावर लिहितात. तंबीचं उत्तर वेगळं आलंय. 'अक्का, दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?' तुला नियम आठवतो, कारण आठवत नाही. तोवर बाई पुढच्या गणितावर गेल्यात. पाठ यूट्यूबवरही आहे, पण घरातला एकुलता स्मार्टफोन अप्पांबरोबर ड्यूटीवर गेलाय. 'समासात लिहून ठेव, शाळेत विचार,' तू म्हणतेस.

तो लिहितो. खालचे वर्ग उघडतील १ नोव्हेंबर २०२१ला. तेव्हा तो आठवीत असेल, आणि ही वही रद्दीत गेलेली असेल.