१८६५ ची मंदी आणि निनावी माणसे

मंदीचा इतिहास बहुधा पेढ्यांच्या दिवाळ्यांवरून लिहिला जातो. त्या पेढ्यांच्या आधाराने पोट भरणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. मुंबईची १८६५ ची मंदी पाहावी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या आणि शेअरांचा सट्टा उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि सारा डोलारा ढासळला.

प्रेमचंद रायचंद यांची पडझड आणि १८६८ मध्ये गुंडाळलेली बँक ऑफ बॉम्बे यांची इतिहासाने नोंद घेतली. हमाल, गाडीवान, गवंडी, किरकोळ दुकानदार मात्र खानेसुमारीतच शोधावे लागतात. १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. ही सारी घट मंदीच्या माथी मारता येणार नाही. परंतु तेजीने ओढून आणलेल्या अनेकांना काम सरताच शहर सोडावे लागले, हे तिचे एक प्रमुख कारण होय.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे ऐन भरतीचे. ओहोटीबरोबर गेलेली माणसे त्यात येणे शक्यच नव्हते. त्यांची कहाणी या दोन आकड्यांमधील अंतरातच वाचावी लागते.